पहिल्या हाकेला ओ

मी एक जुना मोबाईल आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर तुम्ही मला म्हातारा समजाल, पण आमच्या जातीचं वय निराळं असतं. दुकानात नवा आला की आम्ही जुने. माझा डावा कोपरा फुटलेला आहे, मागचं झाकण रबराने आवळून ठेवलं आहे आणि पोटातली बॅटरी जराशी फुगली आहे. सध्या मी तिकोणा पेठेत, किल्ल्याच्या वाटेवरच्या एका चहाच्या टपरीत, खारीच्या बरणीमागे पडून असतो. मला टाकून देण्याचा विषय निघाला की या घरातली माणसं एकदम गप्प होतात. ती का गप्प होतात, ते मी सांगणार आहे. सांगताना मला स्वतःलाच थोडी भीती वाटते, म्हणून ऊन आहे तोवर सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे सुटे भाग जुळवले, काच बसवली आणि मला डबीत निजवलं. डबीतून पहिल्यांदा बाहेर काढलं ते तळेगावच्या श्रीयशने. तो इंजिनिअरिंगला होता आणि त्याच्या वडिलांनी मला अभ्यासासाठी घेतलं होतं. अभ्यास सोडून श्रीयशने माझ्यावर सगळं केलं. एकदा गाडी सुटते म्हणून पळताना त्याने मला घोरावाडी स्टेशनच्या फलाटावर पाडलं. माझा कोपरा फुटला आणि त्याचं माझ्यावरचं प्रेमही तिथेच आटलं. मग लोणावळ्याच्या बाजारात एका दुरुस्तीच्या दुकानात मी काचेखाली पडून राहिलो. येणारा प्रत्येकजण मला उचलायचा, कोपरा बघायचा आणि परत ठेवायचा. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं.

तिथून मला उचललं ते रियाजभाईंनी. त्यांची मुलगी तमन्ना लोणावळ्याच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पेठेहून आधी जीप, मग गाडी, असं रोज जाणं तिला जमत नव्हतं, आणि कॉलेजनेही बरेचसे तास मोबाईलवर घ्यायला सुरुवात केली होती.

"ह्याच्यात कालेज येतं का?" रियाजभाईंनी विचारलं.

"सगळं येतं, भाऊ," दुकानदार म्हणाला.

मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. अख्खं कॉलेज पोटात घेऊन मी पवना धरणाच्या कडेकडेने पेठेत आलो. तमन्नाने मला ओढणीच्या टोकाने पुसलं आणि उशाशी ठेवलं. श्रीयशने मला कधी पुसलं नव्हतं.

पण पहिल्याच आठवड्यात आमचं घोडं अडलं, आणि अडलं ते हजेरीपाशी. भूगोल शिकवणाऱ्या इंदिरा मॅडम संध्याकाळचा तास घ्यायच्या, कारण दिवसा कामावर जाणारी मुलंही वर्गात होती. आवाज तुटू नये म्हणून त्या कॅमेरा बंद ठेवायच्या आणि भराभर नावं घ्यायच्या. "अश्लेषा." "येस मॅडम." "अजीम." "येस मॅडम." "तमन्ना." इथे शांतता. तमन्ना माझ्यासमोरच बसलेली असायची, बोट माईकच्या खुणेवर टेकलेलं, ओठ मिटलेले. ती दुसऱ्या हाकेची वाट बघायची. मॅडम तोवर पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या.

ही मुलगी बावळट आहे, असं मला आधी वाटलं. मग कारण कळलं. या आळीत पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. हिंदू घर असो की मुसलमान, शिस्त एकच. हाक मारणाऱ्याचं तोंड दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं.

तमन्नाची आई जीनत या बाबतीत फार कडक होती. "आगं, त्या बाईचं त्वांड दिसत न्हाई, नुसतं नाव घेती. मॅडमच हाय कशावरनं?" ती म्हणायची.

"अम्मी, कॉलेज आहे ते."

"आसंल. कालेजानं तीनदा हाक मारावी."

एकदा मॅडमनी विचारलं की इतकी मुलं गैरहजर का असतात. सगळ्यांनी एकच सांगितलं, रेंज नसते. तमन्नानेही तेच सांगितलं. मित्रांनो, रेंजला बिचारीला उगाच बोल लागतो. मी श्रीयशच्या खिशात भर तळेगावात पूर्ण रेंजमध्ये होतो, तरी तो शिकला नाही. कोणाला घरचे हसतात, कोणाला बोलताना चूक होईल अशी भीती असते, कोणाचा मित्र शिकत नाही म्हणून तोही शिकत नाही. आणि आमच्या तमन्नाला आईने शिकवलं होतं की दिसत नसलेल्या माणसाला ओ द्यायची नाही. हे कारण ती मॅडमना कोणत्या तोंडाने सांगणार?

हजेरी खाली खाली जात राहिली. हजेरी नाही तर परीक्षा नाही, असं कॉलेजचं पत्रक आलं. रियाजभाईंनी ते ऐकलं आणि चहाचं पातेलं उतरवत म्हणाले, "परीक्षेला बसू दिलं न्हाई तर बास झालं. टपरीवर बस. मला बी हाताखाली मानूस पायजेच हाय." ते रागाने बोलले नाहीत, हेच वाईट होतं. त्या संध्याकाळी तमन्नाने मला कितीतरी वेळ नुसतं हातात धरून ठेवलं होतं.

मग उन्हाळा लागला आणि धरणाचं पाणी मागे हटलं. दर उन्हाळ्यात ते हटतं आणि खालचं गाव थोडंथोडं वर येतं. धरण झालं तेव्हा जुनी वस्ती पाण्याखाली गेली, तिला इथले लोक अजून खालचं गाव म्हणतात. भेगाळलेल्या गाळात जोती दिसतात, एखादा रांजण दिसतो. तमन्ना मला हातात उंच धरून रेंज शोधत शोधत तिथे उतरली. एका दगडी पायरीवर आल्यावर माझ्या सगळ्या काड्या भरल्या. पायरीला पुढे घर नव्हतं, भिंत नव्हती. नुसती पायरी, आणि तिच्या पुढे हिरवट पाणी. मला तिथे गार वाटलं. उन्हाळ्यात मी नेहमी तापतो, पण त्या पायरीवर कधी तापलो नाही.

त्या दिवसापासून तमन्नाची हजेरी लागू लागली. ती खूश झाली. तिला वाटलं, मॅडम आता थांबतात, समजून घेतात. मी मात्र खूश नव्हतो, कारण मला माहीत होतं की मॅडम थांबत नाहीत. "तमन्ना" असं नाव यायचं. तमन्ना गप्प असायची. माईक बंद असायचा, मित्रांनो, माझा माईक मीच ओळखतो. आणि बंद माईकमधून कोणीतरी बारीक आवाजात म्हणायचं, "हजर."

वर्गात कोणी "हजर" म्हणत नाही. सगळे "येस मॅडम" म्हणतात. शिवाय त्या "हजर"च्या मागे आणखी काहीतरी असायचं, पाण्यात बुडत गेल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, "तमन्ना, सर्दी झाली आहे का? आवाज फार लहान येतोय." तमन्नाने घाईने माईक सुरू केला. "नाही, मॅडम." मॅडम हसून पुढे गेल्या. माझ्या काचेवर आतल्या बाजूने वाफ धरली होती. तमन्ना ती बाहेरून पुसत राहिली आणि ती पुसली जाईना.

नंतर एकदा पाणलोट क्षेत्राचा धडा चालू असताना मॅडम अचानक थांबल्या. "पाढे कोण म्हणतंय? कोणाच्या घरी लहान मूल आहे का? माईक बंद करा." सगळ्यांचे माईक बंदच होते. मला ते पाढे स्पष्ट ऐकू येत होते. बे एके बे, बे दुणे चार, एका लयीत, मान डोलावत म्हणतात तसे. ते माझ्यातून जात होते, पण येत होते मागून, पाण्याकडून. तमन्नाने मागे वळून बघितलं. पाण्यावर काहीच नव्हतं. तिने मला उचललं आणि चप्पल तिथेच टाकून वर धावली.

तिने घरी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोबाईल बंद, म्हणजे कॉलेज बंद. मी फळीवर काळी काच करून पडलो होतो. मला बंद केलेलं होतं, हे लक्षात ठेवा. जीनत मागच्या बाजूला चहा गाळत होती. तिने लेकीला हाक मारली, "तमन्नाऽ!"

आणि माझ्यातून आवाज आला, "हजर, गुर्जी!"

जीनतच्या हातातली गाळणी पडली. तमन्ना दारात उभी होती, तिने तोंड उघडलंसुद्धा नव्हतं. दोघी एकमेकींकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. मला लाज वाटली. माझ्या पोटात कोणी बसलं होतं आणि मला ते बाहेर काढता येत नव्हतं.

"कवापासनं?" जीनतने विचारलं.

तमन्ना रडत सगळं बोलली. भूगोलाची तोंडी परीक्षा येत होती. परीक्षक पुण्यात बसून ती सगळ्यांची मोबाईलवरच घेणार होते. "मी लोणावळ्याला जाऊन देते, अश्लेषाच्या घरी," ती म्हणाली.

"आन् ह्याच्यात बोलती ती पोर?" जीनतने माझ्याकडे बोट केलं. "ही हितं घरात बोलली. तितं बी येईल तुझ्यासंगं. साहेबानं तुझं नाव घेतलं आन् ही बोलली तर? तू काय करशील?"

जीनतने शेजारच्या अंबूबाईंना बोलावलं. अंबूबाई खालच्या गावात जन्मलेल्या, आळीतल्या सगळ्यात जुन्या बाई. त्यांनी मला हातात घेतलं नाही. लांब बसल्या आणि म्हणाल्या, "परत हाक मार."

"नगं, मावशी."

"मार म्हन्ते ना."

जीनतने डोळे मिटले. "तमन्ना."

"हजर, गुर्जी!"

अंबूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग हळू म्हणाल्या, "रियाजला बोलव. ही त्याची फुफी हाय."

रियाजभाई टपरी उघडी टाकून आले. अंबूबाई त्यांच्याकडे न बघता बोलत होत्या. "आमी दोगी एका वर्गात. तुमी बसताय ना, ती शाळंची पायरी. हिला शाळंचं लय याड. गुर्जींनी नाव घ्यायच्या आदीच हजर म्हनायची. पानी चढाय लागलं, समदी वर आली, शाळा बंद झाली, गुर्जी बदलून गेलं. आमी दोगी वरनं बघत हुभ्या. तवा खालनं कुनीतरी हिचं नाव घेतलं. म्या बी ऐकलं. एकदाच. हिला वाटलं शाळा भरली. हजर म्हनली आन् पळत सुटली. म्या हुभी ऱ्हायली."

"आन् मग?" तमन्नाने विचारलं.

"मग काय? घावली न्हाई. तवापासनं पयल्या हाकंला कुनी ओ देत न्हाई. आन् तिचं नाव बी कुनी घेत न्हाई."

रियाजभाईंच्या घरात वडिलांच्या बहिणीचा विषय कधी निघाला नव्हता. त्यांना एक फुफी होती, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"तिला नावच ऱ्हायलं न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. "म्हून येईल त्या नावाला ओ देती. तिला तिचं नाव द्या. पर ते आपुन घिऊन भागायचं न्हाई. गुर्जींनी हजेरीत घ्याया पायजे."

"गुरुजी कुठले आता, मावशी?" तमन्ना म्हणाली.

अंबूबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तुझी मॅडम हाय की ह्याच्यात."

तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे खाली उतरलो. तमन्ना मला घेऊन पायरीवर बसली. जीनत तिच्या पाठीशी उभी राहिली, अंबूबाई गाळाच्या कडेला दगडावर टेकल्या आणि रियाजभाई वर, जिथे कोरडी जमीन सुरू होते तिथे थांबले. ऊन उतरणीला लागलं होतं आणि तिकोण्याची सावली पाण्यावर पोचली होती. माझी बॅटरी भरलेली होती, तरी आत काहीतरी जड झालं होतं. तमन्नाची बोटं मला घामट लागत होती. या एका परीक्षेवर तिचं कॉलेज होतं. आणि नाव घेतल्यावर आपण बोलणार की ती बोलणार, हे तिला माहीत नव्हतं.

त्या दिवशी इंदिरा मॅडमचा कॅमेरा सुरू होता. चष्म्याची, पिकलेल्या केसांची साधी बाई. जीनतने वाकून तिचं तोंड एकदा बघून घेतलं. बाजूच्या चौकटीत परीक्षक होते.

तमन्नाचं नाव यायच्या आधीच तिने माईक सुरू केला. "मॅडम, माझी उन्हाळ्यातली हजेरी माझी नाही. ते मी नंतर सगळं सांगते. पण आज माझ्याआधी एक नाव घ्याल का?"

"कोणाचं? यादीत आहे का?"

"होतं, मॅडम. इथे शाळा होती, तिच्या यादीत."

परीक्षक घड्याळाकडे बघू लागले. इंदिरा मॅडमनी पेन उचललं. मला वाटतं, त्यांना ते पाढे आठवले असावेत. "पूर्ण नाव सांग," त्या म्हणाल्या.

तमन्नाला पूर्ण नाव माहीत नव्हतं. अंबूबाईंचे ओठ हलले, पण त्यांच्याने ते उच्चारवेना. तेव्हा वरून रियाजभाई ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. वडिलांच्या जुन्या कागदांत ते शोधून, कोणाला न सांगता, रात्रभर त्यांनी ते मनाशी घोकलं असावं. "मेहमुदा इस्माईल मुलाणी!"

मॅडमनी ते शाळेतल्या बाईंच्या आवाजात, सावकाश, पुन्हा म्हटलं. "मेहमुदा इस्माईल मुलाणी."

पाण्याच्या कडेला बगळे होते, ते उडाले. माझी काच आतून पांढरी झाली. मग माझ्या पोटातून काहीतरी निघून गेलं. ते कसं, हे मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की मी एकदम हलका झालो. आणि आवाज आला, पण यावेळी माझ्यातून नाही. तो पायरीच्या पलीकडून, पाण्याकडून आला आणि सगळ्यांनी ऐकला.

"हजर, गुर्जी!"

"तिथे कोणी लहान मुलगी आहे का?" परीक्षकांनी विचारलं.

"आहे," इंदिरा मॅडम म्हणाल्या. त्यांनी मान खाली घालून हजेरीची खूण केली. मग वर बघून म्हणाल्या, "तमन्ना रियाज मुलाणी."

एकच हाक. तमन्ना सवयीने थांबली. मला तिची नाडी बोटांतून लागत होती. मागून जीनतने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दे ओ."

"हजर, मॅडम," तमन्ना म्हणाली.

ती पास झाली. उन्हाळ्यातली हजेरी मॅडमनी रद्द केली आणि सुट्टीत जादा तास घेऊन ती भरून काढली. रियाजभाईंनी टपरीवर दुसरा माणूस ठेवला. मॅडमनी पुढे एक लेख लिहिला, कॉलेजची मुलं मोबाईलवर का शिकतात आणि का शिकत नाहीत यावर. त्यात रेंज आहे, घरच्यांची परवानगी आहे, मुलांची भीती आहे, मित्रांची संगत आहे, शिक्षकाचा धीर आहे. आमच्या पायरीचा त्यात उल्लेख नाही. पण मॅडम आता प्रत्येक नाव तीनदा घेतात. लोणावळ्याची पोरं त्यावर हसतात, आणि पेठेची पोरं हजर असतात.

तमन्नाकडे आता नवा मोबाईल आहे. मला राग नाही. नव्याला जागा द्यावीच लागते. पण पाणी उतरलं की ती मला बरणीमागून काढते, ओढणीने पुसते, चार्ज करते आणि पायरीवर नेऊन ठेवते. मॅडमनी माझ्यासाठी मुद्दाम धडे भरून दिले आहेत, पहिलीच्या पुस्तकापासून. तमन्ना एक धडा लावते आणि वर निघून जाते. मागे वळून बघायचं नाही, असं जीनतने तिला बजावलं आहे. अंधार पडायच्या आत ती मला घ्यायला येते. तेव्हा माझ्यावर पुढचा धडा चालू असतो.

मित्रांनो, बोट लागल्याशिवाय माझा पुढचा धडा उघडत नाही. माझ्या काचेवर एक ओला, लहान ठसा असतो. तमन्ना तो पुसत नाही, वाळू देते.

तुमच्याही घरात कुठल्या खणात माझ्यासारखा कोणी पडला असेल. त्याला उकिरड्यावर फेकू नका, पाण्यात तर मुळीच टाकू नका. त्याची काच पुसा, अधूनमधून त्याला चार्ज करा, तो अजून कोणाच्या उपयोगी पडेल का ते आधी बघा. ज्याला शिकायचं होतं आणि राहून गेलं, असं कोणी ना कोणी प्रत्येक गावात असतं.

ऊन उतरायला लागलं. तमन्ना मला पायरीवर न्यायला टपरीकडे येताना दिसते आहे. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला मॅडमच्या आवाजात एक नाव भरलेलं आहे, आणि ते मलाच घ्यायचं असतं. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारतो. मी एकदाच मारतो, आणि ओ येते.